हवाई अंतर

१० नोव्हेंबर, सोमवार

दुपारी मुलांना खिचडी वाढत असताना केंद्रप्रमुख सरांनी ग्रुपवर यादी टाकली. कमी पटाच्या ज्या शाळा बंद करून जवळच्या मोठ्या शाळेत सामावून घ्यायच्या आहेत, त्यांची. एकतीस नावं आहेत. चौदाव्या नंबरवर आम्ही: प्राथमिक शाळा बेहडाटोली, पट नऊ, शिक्षक एक. सामावून घेणारी शाळा हिंगणी. अंतर ०.९ कि.मी.

मी तीनदा वाचलं. हिंगणीवरून मी रोज स्कूटीने येते. रस्ता मला पाठ आहे. तरी छापलेला आकडा बघितला की आधी स्वतःवरच शंका येते.

भागाबाईला सांगितलं. ती शाळेत खिचडी शिजवते, तिची नात स्वीटी माझ्याकडे चौथीत आहे.

"कोनं मोजलं?" तिने विचारलं.

"नकाशावर मोजलं असेल. सरळ रेघ मारून."

भागाबाईने पळी खिचडीच्या गंजात ठेवली आणि मागच्या खिडकीतून बघितलं. शाळेच्या मागे उतार संपला की बोर धरणाचं पाणी सुरू होतं. पाण्याच्या पलीकडे हिंगणीची टाकी दिसते.

"मंग पोट्टे पान्यावरून चालत जातीन का?" एवढं म्हणून ती पुन्हा वाढायला लागली. मुलं हसली. मलाही हसू आलं.

१२ नोव्हेंबर

आज सकाळी हिंगणीच्या शाळेच्या गेटापासून आपल्या शाळेच्या दारापर्यंत स्कूटीचं मीटर बघत आले. संध्याकाळी परत बघितलं. दोन्ही वेळा ४.६. त्यात दोन नाले आणि दीडेक किलोमीटर निव्वळ जंगल. पहिल्या नाल्याच्या रपट्यावर, त्या बुटक्या पुलावरच, जुलैमध्ये वाघाने मडावींची गाय धरली होती.

पुनाजी उईके आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष. सही करतात, बाकी लिहिता येत नाही. मी अर्ज लिहून दिला, त्यांनी सही केली आणि तालुक्याच्या ऑफिसात नेऊन दिला.

"पोच घेतली का?" मी विचारलं.

"थो बाबू म्हने, ठेवून जा, साहेब आले का शिक्का मारून देतो. दोन वाजेपर्यंत बसलो, मॅडम. मंग बस निंगून जाते ना."

म्हणजे पोच नाही. पुढच्या खेपेला त्यांच्यासोबत कोणाला तरी पाठवलं पाहिजे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज पुनाजींना घेऊन वर्ध्याला विश्रामगृहावर गेले होते. नवऱ्याचं, मुकेशचं, मत होतं, जाऊ नको. "तू नोकर आहेस, पुढारी नाहीस," तो म्हणाला. तो कॉलेजात लॅब असिस्टंट आहे, त्याला सगळीकडे काचेची भांडी दिसतात. पण नानाजी सरांनी फोन केला होता. ते हिंगणीच्या शाळेतून रिटायर झालेले हेडमास्तर, आता विरोधी पक्षाचं काम करतात. त्यांच्या पक्षाचे आमदार अंकुशराव वैरागडे या अधिवेशनात शाळाबंदीवर सरकारला धरणार आहेत आणि त्यांना पक्की माहिती पाहिजे, असं ते म्हणाले. वैरागडे आमचे आमदार नाहीत. आमचे सरकारमध्ये आहेत, त्यांच्याकडे पुनाजी दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा साहेब लग्नाला गेलेले.

मला वाटलं होतं, पाच मिनिटं देतील. अर्धा तास दिला. मोबाइल उलटा करून ठेवला. पुनाजींना खुर्ची दिली, स्वतःचा चहा त्यांच्यापुढे सरकवला.

"सरळ रेघेत मोजलं?" दोनदा विचारलं त्यांनी. "मॅडम, हे मला एका पानावर पाहिजे. नकाशा, रस्ता, पाणी, सगळं. आकडे सभागृहात कोणी ऐकत नाही. चित्र ऐकतात."

"पण माझं नाव..."

"तुमचं नाव कुठंच येणार नाही. माझा शब्द."

मी तिथेच बसून काढून दिलं. धरण, दोन नाले, रपटा, शाळा. पाण्यावरून तुटक रेघ, तिच्यावर ०.९. रस्त्यावरून जाड रेघ, तिच्यावर ४.६. खाली सही केली नाही. माझं अक्षर त्यांना आवडलं. "छापल्यासारखं आहे," म्हणाले.

परतताना बसमध्ये पुनाजी म्हणाले, "मानूस चांगला हाय. आयकते तरी." बऱ्याच दिवसांनी हलकं वाटलं.

२९ नोव्हेंबर

कापसाची वेचणी जोरात आहे. नऊपैकी पाचच आले.

शाळा सुटायच्या वेळी विक्की मडावी आला. फॉरेस्टात रोजंदारीवर असतो, त्याची दोन मुलं दुसरीत आणि चौथीत. मुलांचे दाखले मागायला लागला. आश्रमशाळेत तीन जागा आहेत म्हणे, पाच तारखेपर्यंत. राहणं, जेवण तिथेच.

मला रागच आला. "विक्की, अकरा तारखेच्या आसपास विधानसभेत आपला विषय निघणार आहे. तेव्हा पट नऊचा सात झाला तर वैरागडे साहेब काय बोलतील? सरकार म्हणेल, पोरं तर निघूनच चालली."

"पन मॅडम, जागा निंगून गेली त?"

"पंधरा दिवस थांब. माझ्यावर विश्वास आहे ना?"

त्याने दाराच्या चौकटीवरचा हात काढला. "तुमच्यावर हाय ना," म्हणाला आणि गेला.

दाखल्यांचा विचार करणाऱ्या आणखी दोन घरांनाही तेच सांगून ठेवलं. एकजूट दिसली पाहिजे. लोक लवकर धीर सोडतात, हीच अडचण आहे.

९ डिसेंबर

नानाजी सरांचा फोन. लक्षवेधी मंजूर झाली! गुरुवारी. पुनाजींसाठी गॅलरीचा पास मिळाला आहे, सर त्यांना स्वतःच्या गाडीने नागपूरला नेणार. मला जाता येणार नाही, पण सभागृहाचं मोबाइलवर थेट दिसतं. शाळेत नेटवर्क नाही. धरणाच्या पाळीवर, बांधावर, येतं.

११ डिसेंबर, गुरुवार

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या घोळ होईल.

पावणेबाराला नऊही मुलांना घेऊन पाळीवर गेले. परिसर अभ्यास म्हणून नोंद केली. भागाबाईही आली, डोक्यावर खिचडीचा गंज घेऊन. थंड वारा होता. मोबाइल मी दगडाला टेकवून ठेवला आणि सगळे त्याच्याभोवती बसलो. आमच्या आधी दोन विषय होते, त्यात तास गेला. मुलांनी तोवर जेवून घेतलं.

मग अध्यक्षांनी वैरागडेंचं नाव पुकारलं. मंत्र्यांनी आधी आपलं निवेदन वाचून दाखवलं. त्यात म्हटलं होतं की कोणतीही शाळा बंद होत नसून तिचं सक्षमीकरण होत आहे, अंतर सर्वत्र एक किलोमीटरच्या आत आहे, आणि एकाही पालकाची लेखी तक्रार आलेली नाही. पुनाजी त्या वेळी वर गॅलरीत बसले होते. त्यांना ते वाक्य ऐकू आलं असेल का, कोण जाणे.

वैरागडे उठले. काय बोलले! विश्रामगृहात हळू बोलणारा तो माणूस तिथे वेगळाच होता.

"अध्यक्ष महोदय, बेहडाटोलीची शाळा हिंगणीपासून नऊशे मीटर. मधे धरण आहे. माझा मंत्री महोदयांना साधा प्रश्न आहे. ही पोरं पोहत जायची की उडत?"

सगळे हसले, सरकारी बाकांवरचेही. आमची मुलं उठून नाचायला लागली. "आपली शाळा! आपली शाळा म्हनली!" स्वीटीने टाळ्या वाजवल्या. भागाबाईने पदर तोंडाला लावला.

मंत्री म्हणाले, माहिती तपासून घेतो. वैरागडे म्हणाले, तपासायची काय गरज, आणि कागद वर धरला. कॅमेरा त्यांच्याकडे वळला. माझा कागद. पाणी मी निळ्या पेनाने रंगवलं होतं, ते सुद्धा दिसलं.

"हा नकाशा कुठल्या संस्थेने नाही काढला. त्या शाळेतल्या बाईंनी स्वतःच्या हाताने काढून दिला आहे. तुमच्या उपग्रहापेक्षा त्या बाईंना जास्त दिसतं!"

त्यांच्या बाजूने बाकं वाजली. माझा ऊर भरून आला, खोटं का लिहू.

मंत्री शांतपणे उठले. म्हणाले, "शासनाचा कर्मचारी विरोधी पक्षाला कागद पुरवतो, ही गंभीर बाब आहे. याची चौकशी केली जाईल."

मग गोंधळ. विरोधी पक्षाचे सगळे पुढच्या मोकळ्या जागेत उतरले, घोषणा, कागद फाडणं. अध्यक्षांनी कामकाज दहा मिनिटं थांबवलं. मुलं विचारायला लागली, "मॅडम, भांडन झालं का?" दहा मिनिटांनी सुरू झालं तेव्हा विरोधी पक्ष सभात्याग करून बाहेर गेलेला. अध्यक्ष म्हणाले, "पुढची लक्षवेधी." ती कुठल्या तरी पुलाबद्दल होती.

अंतराचं उत्तर राहूनच गेलं.

पण नाव त्यांनी घेतलं नाही. शब्द पाळला. फक्त "बाई" म्हणाले. अशा शाळा आणि अशा बाई किती तरी असतील.

१२ डिसेंबर

पेपरात फोटो आला. विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधी आमदार पाठीला पुठ्ठ्याचे पंख बांधून उभे. 'पोरं उडत शाळेत'. वैरागडेंचं भाषण आमच्या सासूबाईंच्या मोबाइलवरही तिघांनी पाठवलं. "तुमच्या शाळेचंच आहे नं वं हे?" त्या कौतुकाने विचारत होत्या. मुकेश जेवता जेवता उठला.

बेहडाटोलीच्या शाळेत बाई एकच आहे, हे मला आज सकाळी स्कूटी काढताना लक्षात आलं.

१३ डिसेंबर

पुनाजी भेटले. नागपूरची वार्ता विचारली.

"लय मोठं हाय. आमाले वरच्या बाकावर बसोलं. तक्रार नाई आली म्हनले ना मॅडम, तवा मी उभा झालतो. मी अर्जी देल्ली म्हनून सांगाले. थ्या पोलिसानं खांद्यावर हात ठेवून बसोलं. म्हने, बाबा, इथून बोलता येत नाई."

१७ डिसेंबर

कारणे दाखवा नोटीस. सात दिवसांत खुलासा. 'आपल्या हस्ताक्षरातील नकाशा सभागृहात प्रदर्शित झाल्याचे निदर्शनास आले आहे.' सोबत शाळेची लॉगबुकं जमा करायला सांगितली आहेत, अक्षर ताडून पाहण्यासाठी. अक्षर छापल्यासारखं असून उपयोग काय.

मुकेश ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने कोरा कागद घेतला आणि म्हणाला, "लिही. सदर कागद मी दिलेला नाही."

"पण दिलाय ना."

"लिही."

लिहिलं. पाठवला नाही अजून.

१९ डिसेंबर

अधिवेशन रविवारीच संपलं. वैरागडेंना गाठायला वर्ध्याला गेले. मला बघून उठून उभे राहिले. "मॅडम, चूक झाली. बोलण्याच्या भरात गेलं." असं स्वतःहून म्हणाले. नानाजी सर मान खाली घालून बसले होते.

माझ्यासमोरच जिल्हा परिषदेच्या मोठ्या साहेबांना फोन लावला. स्पीकरवर ठेवला. साहेब नम्रपणे बोलले. "सर, आपण शब्द टाकला तर आम्हाला उलट दाखवावं लागेल की दबावाखाली आलो नाही. त्या मॅडमच्या हिताचं म्हणून सांगतो, आपण यात पडू नका."

वैरागडेंनी फोन ठेवला.

"मार्चमध्ये मुंबईला अधिवेशन आहे, परत मांडतो," म्हणाले.

"सर, तोपर्यंत शाळा राहणार नाही."

"मी विरोधी पक्षात आहे, मॅडम. मला फक्त बोलता येतं."

मला त्यांचा राग येईल असं वाटलं होतं. आला नाही. निघताना त्यांनी चहा विचारला, मी घेतला.

२३ डिसेंबर

आदेश आला. प्रतिनियुक्ती, आर्वी तालुक्यात. १ जानेवारीला हजर व्हायचं. तोवर बेहडाटोलीचं दप्तर हिंगणीच्या शाळेत जमा करायचं. माझ्या जागी कोणी नाही. शिक्षक नाही म्हणून शाळा चालू शकत नाही, असं केंद्रप्रमुख सरांनी समजावून सांगितलं. सभागृहात सांगितलं तसंच आहे, शाळा कोणी बंद केलेली नाही.

विक्की आश्रमशाळेत जाऊन आला. जागा भरल्या. मला म्हणाला, "पुढच्या वर्षी पाहू," एवढंच. त्याचा मोठा मुलगा त्याच्या मागे उभा राहून माझ्याकडे बघत होता. मी त्याला विचारलं, सतराचा पाढा येतो का? का विचारलं, माहीत नाही. त्याने पूर्ण म्हणून दाखवला.

२९ डिसेंबर, सोमवार

आज चौकशी झाली. तालुक्याच्या ऑफिसात, चौकशी अधिकारी बाहेरून आलेले, वयस्कर, स्वेटर घातलेले. टेबलावर माझा नकाशा होता, बाजूला लॉगबुक उघडं. त्यांना दोन्ही अक्षरं दिसत होती, मलाही. माझ्या पर्समध्ये मुकेशने लिहून घेतलेला, मुदत उलटूनही न दिलेला खुलासा होता. मी ठरवून गेले होते की तो काढायचा नाही. खरं सांगून टाकायचं, व्हायचं ते होऊ दे.

समितीचे अध्यक्ष म्हणून पुनाजींनाही बोलावलं होतं. पहिला प्रश्न त्यांनाच होता. हा कागद तुम्ही ओळखता का?

"वळखतो ना, साहेब. मीच काहाडला."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"तुम्ही? तुम्हाला लिहिता येतं?"

"लिवनं नाई येत. रेघा येते. आकडे आमच्या स्वीटीकडून लिवून घेतले. तिचं अक्षर मॅडमसारखंच हाय, मॅडमनंच शिकोलं."

अधिकाऱ्यांनी कोरा कागद आणि पेन त्यांच्यापुढे ठेवलं. "काढा बरं परत."

पुनाजींनी पेन मुठीत धरलं, कुदळ धरावी तसं. आधी पाण्याचा काठ काढला. मग नाले, मी दोन काढले होते, त्यांनी पाच काढले. म्हणाले हे तीन उन्हाळ्यात आटतात. रपटा, मोहाची झाडं, गाय धरली ती जागा, वाघ पाण्यावर येतो ती वाट, फॉरेस्टची चौकी, धरण व्हायच्या आधी जुनी टोली होती ती पाण्याखालची जागा. तिथे त्यांनी एक गोल केला. "इथं आमची पहिली शाळा होती, साहेब. मी अर्धा साल गेलतो." वीसेक मिनिटं लागली.

अधिकाऱ्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. पुनाजींचा कितीतरी चांगला होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि मला विचारलं, "मॅडम, तुम्हाला यावर काही सांगायचं आहे?"

तेव्हा बोलायचं होतं. मी विचार करत होते की आता बोलले तर पुनाजी खोटे पडतील. असं मी तेव्हा मनाशी म्हणत होते. पर्स उघडली आणि खुलासा काढून टेबलावर ठेवला.

त्यांनी वाचला, नोंद केली. शिक्षिकेविरुद्ध पुरावा आढळला नाही. प्रकरण बंद. प्रतिनियुक्ती प्रशासकीय बाब असल्याने कायम. अंतर मोजणं त्यांच्या चौकशीचा विषय नव्हता, तसं त्यांनी स्वतःहून सांगितलं, खंत वाटल्यासारखं. पुनाजींचा नकाशा त्यांनी फाइलला लावला.

बाहेर आल्यावर मी म्हणाले, "पुनाजी, काऊन केलं असं?" माझ्या तोंडून त्यांचाच शब्द निघाला.

"तुमची नवकरी हाय, मॅडम. आमची त काई नाई जात." मग विचारलं, "पोराईचे दाखले कवा भेटतीन?"

३१ डिसेंबर

शेवटचा दिवस. कपाट, तराजू, नकाशे, चेंडू दोन, सगळं ट्रॅक्टरवर चढवलं. केंद्रप्रमुख सर स्वतः आले होते. वाईट माणूस नाही, मुलांसाठी बिस्किटं आणली.

नऊ दाखले लिहायला बसले. 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यापाशी थांबले. सरांना विचारलं, काय लिहू?

"पालकांच्या विनंतीवरून, असं लिहा. सगळ्यांना तेच. म्हणजे मार्चमध्ये कोणी विचारलंच तर उत्तर तयार असतं."

"पण विनंती कोणी केली नाही, सर."

"मॅडम, तुमचं प्रकरण आत्ता कुठे मिटलंय." ते हळूच म्हणाले, काळजीने.

मी लिहिलं. नऊ वेळा. विक्कीच्या बाबतीत तर ते एका अर्थी खरंच होतं, त्याने नोव्हेंबरमध्ये मागितलाच होता दाखला. असा विचार केला म्हणजे हात चालतो.

पालकांनी ओळीने येऊन सह्या केल्या, काहींनी अंगठे. परवापासून सगळी मुलं भागाबाईसोबत हिंगणीला जाणार आहेत. ती हातात काठी घेणार आणि डबा वाजवत चालणार. वेचणी संपली की मजुरीला बाहेर जावं लागतं, तोवर तिला जमेल, पुढचं माहीत नाही.

स्वीटीचा दाखला भागाबाईने दोन्ही हातांत धरला. "काय काय लिवलं याच्यात? वाचून दाखव बरं, मॅडम."

मी वाचलं. पूर्ण नाव, आईचं नाव, जात, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, प्रगती चांगली, वर्तणूक चांगली. तिथे थांबले आणि घडी करून तिच्या हातात दिला.

"बस, येवढंच?" तिने विचारलं.

"एवढंच," मी म्हणाले.